डाव्या वळणावरची उडी

कढईत मोहरी तडतडली आणि आम्ही दोघीही दचकलो. इतका वेळ स्वयंपाकघरात कुणी बोललंच नव्हतं. मी ओट्याशी उभी, ऋजुता दाराजवळच्या स्टुलावर. गुडघे जुळवून बसलेली, हातातली टोपी नुसती गोल गोल फिरवत.

"उल्काताई, काही चिरून देऊ का?"

"झालंय सगळं. बस तू."

"तुम्ही रागावला नाहीत ना?"

"कशाबद्दल?" मी भिजवलेले पोहे कढईत टाकले. कशाबद्दल ते दोघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत कोजागिरीवर ती बसणार होती.

ऋजुता तेव्हा एकोणीस वर्षांची. मी अठ्ठावीस, आणि सहावा महिना. चौथा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता घोडा बंद. घरी येऊन मी रडले. ते आनंदाचं रडणं आहे असं समजून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अर्धं तसं होतंही.

कोजागिरी म्हणजे क्लबची पांढरी घोडी. साताऱ्याच्या पुढे वाघजाईच्या माळावर निवृत्त मेजर दाभाड्यांनी घोडेस्वारीचा क्लब काढला होता. मी सोळाव्या वर्षापासून तिथं जात होते. घोडी आली तेव्हा बावीसची होते. त्यानंतर सहा वर्षं शर्यतीत तिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. कागदोपत्री ती क्लबची. पण सकाळी पागेच्या फरशीवर माझे बूट वाजले की ती नाकातून फुरफुरायची. खिंकाळायची नाही. शेजारच्या घोड्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू, फुर्र. तो आवाज माझा होता. तो मी नवऱ्यालाही कधी नीट करून दाखवू शकले नाही.

"पोहे खा आणि निघू," मी म्हटलं. "ऊन व्हायच्या आत मैदान चालून येऊ."

"तुम्हाला जमेल ना एवढं चालायला?"

"पोटात बाळ आहे गं, पाय नाही मोडलाय."

ती हसली. छान हसायची. दात थोडे पुढे, आणि हसताना हात तोंडावर. तिची खोगिरावर बसायची विजार तिला अशी बसायची की जणू अंगावरच शिवली आहे. मी नवऱ्याचा, श्रीधरचा, सदरा घालून होते, खालची दोन बटणं उघडी.

आमच्या क्लबात एक रीत होती. एखादा घोडा एका स्वाराकडून दुसऱ्याकडे गेला की जुन्यानं तो नव्याच्या हाती द्यायचा. म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघांनी सगळं मैदान पायी चालायचं. प्रत्येक उडीपाशी थांबायचं आणि जुन्यानं सांगायचं, इथं ही काय करेल, इथं हिला काय लागेल. दोन उड्यांमधली पावलं मोजायची. सगळं सांगून झालं की परत पागेत यायचं आणि घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारासमोर लगाम नव्याच्या हातात ठेवायचा. लिहून काहीच द्यायचं नाही. दाभाडे म्हणायचे, घोडा कागदावर उतरत नाही.

तीन किलोमीटरचं मैदान, दहा उड्या. आम्ही निघालो तेव्हा गवतावर दव होतं.

पहिल्या तीन उड्या सोप्या. चौथ्यापाशी मी सांगितलं, "इथं ती कान मागे टाकेल. घाबरू नकोस. तो राग नाही, लाड आहेत. पुढे व्हायचंय म्हणून सांगते ती."

"अय्या, हो? मला वाटायचं चिडली."

"पाचव्याच्या आधी उतार आहे. खेचू नकोस तिला. हात सोड. ती आपली आपण सावरते."

"हात सोडायचा," ऋजुता पुटपुटली आणि बोटांवर मोजल्यासारखं केलं.

मी एकेक गोष्ट देत होते. अंगावरचा एकेक दागिना काढून दुसरीच्या अंगावर घालावा आणि वर म्हणावं, तुला शोभतो हं, तसं काहीसं. पण देत होते. सहाव्या उडीपर्यंत मी काहीही मागे ठेवलं नाही, हे मी आजही खरं सांगू शकते.

सातवी उडी डाव्या वळणावर होती. आधी काटेरी झुडपांचं काळपट कुंपण, पलीकडे खंदक. ही उडी फक्त शर्यतीपुरती बांधत. आमच्या सरावाच्या रिंगणात सगळी वळणं उजव्या हाताची होती, त्यामुळे ऋजुतानं घोडीला डावीकडून असं कधी आणलंच नव्हतं.

आणि कोजागिरीला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बाभळीचा काटा लागला होता. डोळा वाचला, पण बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा निळसर ठिपका राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासताना तिच्या डोळ्यासमोर हात हलवला, तिनं पापणी मिटली, त्यांनी सही केली. हाताचा वारा लागला म्हणून तिनं पापणी मिटली होती. ते मला कळलं, आणि दस्तगीरमामांना. दस्तगीरमामा म्हणजे आमचे मोतद्दार, मिरजेकडचे. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याजवळ उजव्या बाजूनंच जायला लागले. आम्ही दोघं याबद्दल एक अक्षरही बोललो नाही. बोललो असतो तर घोडी क्लबातून गेली असती. डोळा गेलेली पांढरी घोडी कुठं जाते ते आम्हाला माहीत होतं. बँडवाल्याकडे. लग्नाच्या वराती, फटाके, डोक्यावर तुरा.

म्हणून मी तिचा डावा डोळा झाले. डाव्या वळणावर उडी आली की तीन ढांगा आधी डावा लगाम करंगळीनं ओढायचा, म्हणजे तिचं तोंड जरा आत वळायचं आणि उजव्या डोळ्याला कुंपण दिसायचं. आणि म्हणायचं, "बघ." एवढंच. एका वर्षी शर्यतीआधी चाचणी ठेवली होती, तीत माझ्याकडून ते राहून गेलं. कोजागिरी कुंपणासमोर जागच्या जागी थांबली आणि मी तिच्या मानेवरून पलीकडे खंदकात. सगळे हसले. मीही हसले.

आता ते ऋजुताला सांगायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

"ताई, एक सांगू? हसाल तुम्ही," ऋजुता म्हणाली. ती कुंपणाच्या झुडपातला एक काटा मोडून घेत होती. "परवा सकाळी मी पागेत गेले ना, तर ती मला बघून फुरफुरली. अगदी हळू. नाकातून. दस्तगीरमामा म्हणाले, आता ही तुझी झाली बघ."

"असं म्हणाले?"

"हो! मला इतकं भरून आलं. म्हटलं ताईंना सांगायलाच पाहिजे. तुमच्याकडे पण करायची का ती असं?"

कुठंतरी टिटवी ओरडत होती. पोटात बाळानं पाय मारला, मी तिथं हात ठेवला.

"करायची कधी कधी," मी म्हटलं.

"मग इथं काय करायचं? सातवीला?"

"इथं विशेष काही नाही," मी म्हटलं. "सरळ जा."

ती वाकली आणि कुंपणापासून मागे पावलं मोजत गेली. एक, दोन, तीन. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. वाटलं तर अजून सांगता आलं असतं. आठवी, नववी, दहावी, तीन उड्या बाकी होत्या. आठवीला मी तिला जरा जास्तच सांगितलं. नववीलाही.

पागेत आलो तेव्हा दस्तगीरमामा कोजागिरीला खरारा करत होते. मी लगाम घेतला आणि ऋजुताच्या हातात ठेवला. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, मग घोडीच्या कपाळाला कपाळ. मग पाणी प्यायला म्हणून ती बाहेर गेली.

"सगळं सांगितलंस न्हवं पोरी?" दस्तगीरमामांनी खरारा थांबवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "समदं?"

"सांगितलं."

"सातवीचं?"

"सांगितलं म्हटलं ना, मामा."

"मग झालं." ते उजव्या बाजूनं फिरून घोडीच्या शेपटीकडे गेले. "माझ्या जिवाला घोर लागून राहिलेला. मी सांगाय गेलो तर म्हनतील, म्हातारा आता स्वारांना शिकवतोय."

कोजागिरीनं मान वळवून माझा सदरा हुंगला. मग तिनं मान फिरवली आणि ऋजुता ज्या दारानं गेली तिकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर माणसं उभी होती. दर वर्षी असायची, या वर्षी जास्त होती. निमकरबाई सगळ्यांत पुढे. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढरी सुती साडी, गळ्यात दोरीनं अडकवलेला पुठ्ठा. त्यावर सहा नावं. अकरा वर्षांत या मैदानावर मेलेले सहा घोडे. खाली लिहिलं होतं, "सातवं नाव कोणाचं?"

मेजर दाभाडे त्यांच्याशी हुज्जत घालत होते.

"बाई, तबेल्यात नुसते बांधून ठेवलेले घोडेही पोटशूळानं मरतात. त्यांची यादी करता का?"

"त्यांना कोणी बघायला तिकीट काढून येत नाही, मेजरसाहेब."

"घोडं धावण्यासाठीच जन्माला येतं."

"धावू द्या की. उडी मारायला कुठं त्यानं अर्ज केलाय?"

गर्दी हसली. दाभाडेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. निमकरबाईंनी मला अडवून एक कागद हातात दिला. "तुम्ही आई होणार आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळेल."

मला त्यांचा राग आला. ही बाई घोड्याच्या अंगाला कधी हात तरी लावून आली आहे का, असं वाटलं. माझ्याइतकं प्रेम या माळावर कुणाचं नाही, असंही वाटलं.

"शेवटच्या रेषेपाशी थांबू या ना," श्रीधर म्हणाला. त्यानं माझ्यासाठी घडीची खुर्ची आणली होती.

"नको. सातव्या उडीपाशी."

"तिकडे कशाला? ऊन आहे तिथं."

"मला तिथूनच बघायचंय."

त्यानं खुर्ची उचलली आणि चालू लागला. गरोदर बायकोचे डोहाळे समजला असेल.

नऊ घोडे होते. सुटले तेव्हा आम्हाला फक्त धूळ दिसली. मग चौथ्या उडीपाशी पांढरं काहीतरी वर उठलं आणि खाली गेलं. ती तिसरी होती. पाचव्या उडीच्या उतारावर ऋजुतानं हात सोडला, अगदी मी सांगितलं होतं तसा, आणि कोजागिरी दुसरी झाली. लोक ओरडायला लागले. सहावी पार. माझ्या शेजारचा कुणीतरी म्हणाला, "पोरगी काय बसलीय! उल्काताईंपेक्षा हलका आहे हात."

घोडे वळणावर आले. कोजागिरीच्या उजव्या अंगाला एक तांबडा घोडा होता, खांद्याला खांदा लावून. ऋजुता सरळ येत होती. मी सांगितलं होतं, सरळ जा. घोडीचं तोंड समोर, मान लांब केलेली. मी खुर्चीतून उठले. दोन्ही हात पोटावर होते आणि डाव्या हाताची करंगळी आपोआप आत वळली होती.

"बघ," मी म्हटलं. तोंडातल्या तोंडात. मग ओरडून म्हटलं, "बघ, कोजे!"

तांबडा घोडा उचलला तशी तीही उचलली. कुंपण तिला दिसलं ते बहुतेक पुढचे पाय त्यात अडकल्यावरच. ती उलटी होऊन खंदकाच्या पलीकडच्या काठावर पडली आणि ऋजुता तिच्या पुढे, लांब, गवतात फेकली गेली.

मी किती जोरात धावले ते श्रीधर अजून सांगतो. "सहाव्या महिन्यातली बाई, आणि मला गाठता येईना!"

कोजागिरी उजव्या कुशीवर होती. पुढचा एक पाय गुडघ्याखाली नको तसा वळला होता. ती उठायचा प्रयत्न करत होती. प्रत्येक वेळी थोडी उठायची, त्या पायावर भार यायचा आणि ती पुन्हा पडायची. ओरडत नव्हती. घोडे दुखलं की ओरडत नाहीत. ऋजुता रांगत तिच्यापर्यंत पोचली होती, एक हात लोंबत होता. तिनं घोडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि "नको ना, उठू नको ना, राणी, पडून राहा ना" असं काहीतरी रडत म्हणत होती. घोडीचा डावा डोळा वर होता, आभाळाकडे. त्यावर गवताची काडी चिकटली होती आणि तिनं पापणी मिटली नाही.

मी पोचले. मी गुडघ्यावर बसले. आणि त्या क्षणी मला पहिलं काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, हे डोकं माझ्या मांडीवर हवं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला आणि मान हलवली. चौघांनी हिरवं कापड धरलं, लोकांना दिसू नये म्हणून. आडोशाच्या आत आम्ही पाचजण होतो. दाभाडे म्हणाले, "मुलींनो, बाहेर जा." ऋजुता गेली नाही. मीही गेले नाही. सुई टोचल्यावर घोडीनं एक लांब श्वास सोडला. त्यातही थोडी फुरफुर होती. कुणासाठी होती ते मला कळलं नाही. आम्ही दोघीही तिथंच होतो.

दस्तगीरमामांनी तिचा लगाम काढला. उठताना ते माझ्याजवळ थांबले.

"तू सांगितलं म्हनालीस," ते म्हणाले.

त्यांनी लगाम हातावर गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला बी आधीच बोलाय पाह्यजे हुतं. तीन वरसांमागं." आणि गेले. त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी काम सोडलं.

पंधरा दिवसांनी क्लबच्या हॉलमध्ये चौकशीची बैठक होती. एका बाजूला दाभाडे आणि क्लबची माणसं, दुसऱ्या बाजूला निमकरबाई आणि त्यांची माणसं, मध्ये तालुक्याहून आलेले अधिकारी. ऋजुता भिंतीशी बसली होती, हात गळ्यात बांधलेला. गालावरची खरचटलेली जागा काळी पडली होती.

दाभाडे वाईट माणूस नव्हते. पण क्लब त्यांचा जीव होता. ते म्हणाले, "उडी नियमात होती. घोडी तंदुरुस्त होती, डॉक्टरांचा दाखला आहे. स्वार नवखी होती. तिनं घोडीला उचलायला उशीर केला. दुर्दैवानं हे सांगावं लागतं."

ऋजुतानं मान खाली घातली. कारण तिला ते खरंच वाटत होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा वर्षं त्या घोडीवर बसलेली मी एकटीच होते. दस्तगीरमामा दाराशी उभे होते, खांद्यावर पंचा, नजर जमिनीकडे.

मी उठले. आधीच्या रात्री ठरवलं होतं, सांगून टाकायचं. डोळ्याचं, करंगळीचं, सगळं. पण उठल्यावर मला समोर निमकरबाई दिसल्या, त्यांच्या पुठ्ठ्यावर सातवं नाव लिहिलेलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"चूक या मुलीची नाही," मी म्हटलं. "चूक उडीची आहे. वळणावर, काळं कुंपण, पलीकडे खंदक. तिथं कुठलंही घोडं पडलं असतं. माणसाच्या हौसेसाठी हे चाललंय. हे बंद व्हायला पाहिजे."

निमकरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजल्या. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. दाभाडे माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, यांनी ओळखलं. पण त्यांना फक्त वाईट वाटलं होतं, आपल्याच माणसानं घात केला म्हणून.

शर्यत बंद झाली. ती पुन्हा झाली नाही. निमकरबाईंनी मला दोन ठिकाणी बोलायला नेलं, मी गेले. आठव्या महिन्याचं पोट घेऊन व्यासपीठावर उभी राहून मी मुक्या जनावरांबद्दल बोलले. बोललेलं सगळं खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच म्हणेन, घोड्यांना अशा उड्यांवरून पळवू नये. पण त्या सात नावांतलं एक नाव त्या यादीत कसं आलं ते मला माहीत होतं.

मला वाटलं होतं ती अडेल. एवढंच. चाचणीत माझ्याबरोबर अडली तशी कुंपणासमोर थांबेल, ऋजुता मानेवरून पलीकडे जाईल, लोक हसतील. संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल आणि म्हणेल, ताई, ती माझ्यासाठी उडी मारत नाही, ती तुमचीच आहे. ते बघायलाच मी सातव्या उडीपाशी खुर्ची टाकली होती. चाचणीत ती एकटी होती. शर्यतीत बाजूला घोडे असतात. बाजूचं घोडं उचललं की आपलंही उचलतं, ते थांबत नाही. बारा वर्षं घोड्यावर बसलेल्या बाईला हे माहीत असतं. मला माहीत होतं. त्या दोन दिवसांत मी ते आठवलं नाही.

गेल्या आठवड्यात ऋजुता घरी आली. लग्नाची पत्रिका घेऊन. पाच वर्षांनी बघत होते तिला. जरा भरली आहे. हसताना हात अजून तोंडावर जातो. खांदा थोडा वाकडा जुळलाय, पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते.

माझी आभा तिला लगेच चिकटली. पावणेपाच वर्षांची आहे, कुणालाही चिकटते. वही आणि खडू घेऊन तिच्या मांडीवरच चढली.

"मावशी, मला घोडा काढून दे."

"मला नाही गं येत घोडा. मांजर काढू?"

"मांजर मला येतं. घोडा काढ."

"बरं, हत्ती?"

"घोडा का नाही?"

ऋजुतानं माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. "मावशीच्या हातून एक घोडी गेली ना, बाळा. तेव्हापासून मावशीला घोडा येत नाही." मग मला म्हणाली, "अजून स्वप्नात येतं हो ताई. दर वेळी मी लगाम ओढते आणि दर वेळी उशीर होतो. आमच्या ह्यांना पण सांगून ठेवलंय लग्नाआधीच, म्हटलं मी रात्री ओरडते, घाबरू नका."

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"ऋजुता, त्या दिवशी..."

"नाही ताई, मला बोलू द्या. मी त्यासाठीच स्वतः आले, पत्रिका पोस्टानंही पाठवता आली असती." तिनं माझा हात धरला. "सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते. बाबासुद्धा. तुम्ही एकट्या उठून म्हणालात, चूक मुलीची नाही. तुमची घोडी माझ्या हातून गेली आणि तुम्ही असं म्हणालात. त्या एका वाक्यावर मी काढलीत ही वर्षं. तुम्ही लग्नाला आला नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही, सांगून ठेवते."

तिचा हात गरम होता. माझा तिच्या हातात तसाच राहिला. सातव्या उडीचं ते मला तिला सांगायचं होतं. ते सांगितलं तर तिला घोडी परत मिळेल की हे वाक्यही जाईल?

"येईन," मी म्हटलं. "नक्की येईन."

ती गेली. आभा खिडकीतून तिला बराच वेळ हात हलवत होती. मग येऊन माझ्या मांडीवर बसली. वहीत तिनं स्वतःच काहीतरी काढलं होतं, चार पाय आणि खूप मोठं डोकं. ती माझ्या कानातल्याशी खेळत होती. मी तिच्या केसांत नाक खुपसून बसले होते, तेलाचा आणि खडूचा वास.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"ती मावशी चांगली आहे ना?"

"खूप चांगली आहे."

"मग तिनं घोडी का मारली?"